विंधन विहिरीतील मोटार वारंवार जळते : दोष मोटारीत शोधण्यापूर्वी विहिरीत पाहावा

समस्या अशी असते. मुख्य जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या, जलकुंभाचा दाब पुरेसा न पोहोचणाऱ्या वसाहतीसाठी पूरक पाणीपुरवठा म्हणून विंधन विहीर घेतली जाते. सबमर्सिबल पंप बसतो, काही महिने पाणी व्यवस्थित येते आणि एखाद्या एप्रिलमध्ये मोटार जळते. रिवाइंडिंग करून (आतील तार पुन्हा गुंडाळून) तीच मोटार पुन्हा सोडली जाते आणि ती पुन्हा जळते. मग कोणीतरी सुचवतो की मोटार कमी पडते आहे, पाचऐवजी साडेसात अश्वशक्तीची घ्यावी. ती घेतली जाते आणि पहिलीपेक्षा लवकर जळते. २०१६ च्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातील ज्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्या मिरजेच्या आणि शेजारच्या कुपवाडच्या परिसरातही बोअरची ही रड ऐकू येते, कारण कृष्णा जवळून वाहत असली तरी नळाच्या टोकाला राहणाऱ्याला नदीपेक्षा बोअरच जवळची असते.

माझे मत असे की वारंवार जळणारी मोटार हा रोग नसून लक्षण आहे. वाइंडिंगची प्रत, केबल, स्टार्टर आणि व्होल्टेज यांचे दोष असतात, परंतु ते सहसा एकदा दुरुस्त केले की संपतात. तीच तक्रार तिसऱ्यांदा येते तेव्हा विहीर देऊ शकते त्याहून अधिक पाणी तिच्याकडून मागितले जात आहे, किंवा विहिरीचे पाणी पंपापर्यंत पोहोचण्याची वाट बुजत चालली आहे, असे समजून तपासणी सुरू करावी.

खाली काय आहे ते आधी समजून घ्यावे

सांगली जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. कृष्णाकाठी त्यावर गाळाचा थर आहे, इतरत्र काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि नंतर कठीण कातळ. लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्याला कधी बारीक पोकळ्यांचा मांजऱ्या खडक लागतो, कधी तांबड्या मातीचा थर लागतो. या रचनेत पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र भरलेले नसते. ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असते. त्यामुळे साठ मीटर खोल बोअरमध्ये प्रत्यक्ष पाणी देणाऱ्या जागा, म्हणजे झरे, दोन किंवा तीनच असू शकतात आणि उरलेले बोअर म्हणजे त्या पाण्याची उभी टाकी असते.

ही टाकी किती लहान असते याचा हिशेब एकदा करून पाहावा. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटर खोलीला सुमारे १८ लिटर पाणी मावते, म्हणजे पंपाच्या वर ४० मीटर पाणी उभे असले तरी तो साठा अवघा ७०० लिटरच्या आसपास भरतो. ताशी १०,००० लिटर उपसणारा पंप, झऱ्यांतून काहीच पाणी आले नाही तर, तो चार-सव्वाचार मिनिटांत संपवतो. बोअर घेताना कॉम्प्रेसरने उडालेला फवारा पाहून लोक हरखून जातात, पण त्या फवाऱ्यात या साठ्याचे पाणी बरेच असते. विहिरीचे खरे उत्पन्न साठा उपसून झाल्यानंतर जे येत राहते तेवढेच.

बोअरवाले जे 'दोन इंची', 'तीन इंची' पाणी सांगतात, त्याबद्दलही सावध राहावे. नव्वद अंशांच्या व्ही-नॉचवर (व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची) मोजले असेल तर दोन इंचांचे सुमारे २,९०० लिटर आणि तीन इंचांचे जवळजवळ ८,००० लिटर ताशी होतात. एका इंचाच्या फरकाने उत्पन्न पावणेतीन पट ठरते. आकडा नॉचवर मोजला, की नुसता डोळ्यांनी ठरवला, हे विचारल्याशिवाय त्यावरून पंप निवडू नये.

तीन मापे, ज्यांच्यावाचून पुढे जाऊ नये

पहिले माप म्हणजे पंप किमान रात्रभर बंद ठेवल्यानंतरची स्थिर पाणीपातळी. दुसरे म्हणजे पंप सलग चालवल्यावर जिथे पातळी टिकते ती उपसा पातळी. तिसरे म्हणजे त्या वेळचा विसर्ग, जो २०० लिटरचे पिंप भरायला किती सेकंद लागतात एवढ्यावरूनही पुरेसा अचूक मिळतो. पिंप ७२ सेकंदांत भरले तर विसर्ग ताशी १०,००० लिटर.

पातळी मोजण्याची सोय बहुतेक विहिरींवर नसते आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव हीच आहे. पंप पुढच्या वेळी वर काढला जाईल तेव्हा कॉलम पाईपसोबत (पाणी वर आणणाऱ्या पाईपसोबत) २० किंवा २५ मिलिमीटरची पीव्हीसी नळी पंपाच्या थोडे वरपर्यंत बांधून सोडावी, म्हणजे विद्युत पातळीमापकाची तार केबलमध्ये न अडकता खाली जाते. तेही उपकरण नसेल तर हवेची नळी वापरावी. प्लॅस्टिकची बारीक अखंड नळी ठरावीक खोलीपर्यंत, समजा ६० मीटर, बांधून सोडावी. वरच्या टोकाला दाबमापक आणि सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा. आणि साध्या सायकल पंपाने हवा भरत जावी. काटा चढतो आणि एका जागी थांबतो, कारण नळीतील सगळे पाणी बाहेर ढकलले गेल्यावर जादा हवा खालून बुडबुड्यांनी निघून जाते. काटा चौरस सेंटिमीटरला १.८ किलोवर थांबला तर नळीच्या टोकावर १८ मीटर पाणी आहे, म्हणजे पातळी ४२ मीटरवर आहे. या सगळ्याला एका रिवाइंडिंगपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो.

मोजणी करताना पंप सुरू केल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला, नंतर दर पाच-दहा मिनिटांनी पातळी लिहावी, आणि पंप बंद केल्यावर ती किती वेळात पुन्हा वर येते तेही लिहावे. हा दुसरा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सोडला जातो, परंतु पंप दिवसात किती वेळा आणि किती अंतराने चालवावा हे त्यावरूनच ठरते.

मापे काय सांगतात

या मापांची तुलना विहीर नवी असतानाच्या नोंदींशी करावी. त्या नसतील तर आजची मोजणी हीच पहिली नोंद समजावी आणि पुढच्या महिन्यापासून तुलना सुरू करावी.

स्थिर पातळीच खाली गेली असेल, पण तेवढ्याच विसर्गाला पातळीत होणारी घट पूर्वीइतकीच असेल, तर विहीर निर्दोष आहे. भोवतालचे भूजल उतरले आहे. असे वाटल्यास जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात पाहाव्यात. यंत्रणा या विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते आणि त्यावरून उतार एकट्या आपल्या बोअरचा आहे की सगळ्या परिसराचा आहे हे कळते. शेजारी नव्याने बोअर पडले असल्यास शेजारचा पंप चालू आणि बंद असताना आपली स्थिर पातळी मोजून पाहावी. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला ५०० मीटरच्या परिघाचे संरक्षण देण्याची तरतूद राज्याने १९९३ च्या कायद्यापासून केलेली आहे, परंतु तक्रार करताना केवळ संशय उपयोगी पडत नाही, दोन्ही वेळची मापे हातात असावी लागतात. या प्रकारात पंप अधिक खाली सोडणे हा काही काळाचा उपाय असतो. उपसा कमी करणे आणि पुनर्भरण हाच खरा. कालव्याचे आवर्तन सुरू असताना आजूबाजूच्या बोअरची पातळी चढते, म्हणून एकाच मापावर निष्कर्ष काढू नये.

स्थिर पातळी जुनीच असून चालू पंपाला उपसा पातळी पूर्वीपेक्षा बरीच खाली जात असेल, तर भूजल आहे, पण ते विहिरीत शिरू शकत नाही. भेगा, केसिंगच्या (बोअरच्या भिंतीला आधार देणाऱ्या नळीच्या) चिरा किंवा जाळी बुजली आहे. वारंवार जळणाऱ्या मोटारींच्या मुळाशी मला हा प्रकार सर्वाधिक दिसला आहे, आणि साडेसातची मोटार बसवल्याने सर्वांत जास्त नुकसान होते तेही इथेच, कारण अरुंद झालेल्या वाटेतून अधिक पाणी ओढू पाहिल्यास पातळीतील घट विसर्गापेक्षा वेगाने वाढते.

तिसरी शक्यता म्हणजे स्थिर पातळी ठीक, उपसा पातळी पूर्वीपेक्षा वरच राहते आणि तरीही पाणी कमी येते. इथे विहीर देण्यास तयार आहे, पंप घेऊ शकत नाही. इम्पेलर (पंपातील पाणी ढकलणारी चक्रे) झिजले असतील किंवा कॉलम पाईप गळत असेल. केसिंगच्या तोंडाशी कान लावल्यास आत पाणी पडल्याचा आवाज येतो, मात्र तो दोन कारणांनी येऊ शकतो आणि त्यांतील फरक ओळखता आला पाहिजे. पाईप गळत असेल तर मोटार सुरू होताच आवाज सुरू होतो आणि मोटार थांबल्यावर लवकरच थांबतो. पातळी वरच्या झऱ्याच्या खाली गेल्याने झरा उघडा पडून पाणी कोसळत असेल तर आवाज काही मिनिटांनंतर सुरू होतो आणि मोटार बंद केल्यावरही पातळी पुन्हा झऱ्यापर्यंत चढेपर्यंत येत राहतो.

हा दुसरा आवाज ऐकू आला तर तो गंभीरपणे घ्यावा. उघड्या पडलेल्या झऱ्याचे पाणी हवा घेऊन खाली पडते. त्या हवेने पंपाची पकड सुटते, पाण्यात विरघळलेले लोह गंजाच्या रूपाने भेगेच्या तोंडाशी बसते आणि महिन्यामागून महिने ती भेग अरुंद होत जाते. म्हणून बेसाल्टमधल्या विहिरीत मुख्य झऱ्याच्या खाली उपसा पातळी जाऊ न देणे हा उपशाचा खरा निकष असावा. त्यासाठी झरा किती मीटरवर लागला हे माहीत असावे लागते, आणि बोअर घेताना ती नोंद करून ठेवण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतलेले असतात. नोंद नसेल तर पंप काढलेला असताना कॅमेरा सोडून पाहता येते.

पंप किती खोल सोडावा

पाणी कमी पडले की पंप तळाशी नेण्याची पद्धत आहे. तळापासून चार-पाच मीटर अंतर ठेवावे, कारण खाली गाळ साचतो, एवढे सर्वांना माहीत असते. मोटार थंड कशाने होते याचा विचार मात्र होत नाही. सबमर्सिबल पंपात मोटार खाली आणि पाणी ओढण्याची जाळी तिच्या वर असते. झरे पंपाच्या वर असतील तर सगळे पाणी वरूनच जाळीत शिरते आणि मोटार स्थिर, तापत जाणाऱ्या पाण्यात उभी राहते. विहिरीत पाणी असूनही मोटार जळण्याचे हे कारण अगदी सामान्य आहे. चार इंची मोटारीच्या अंगावरून पाणी सेकंदाला किमान ८ सेंटिमीटर आणि सहा इंचीच्या अंगावरून सुमारे १५ सेंटिमीटर वेगाने वाहावे असा ढोबळ नियम आहे. झरे वर असतील किंवा बोअर मोटारीच्या मानाने फार रुंद असेल तर मोटारीवर शीतकरणासाठी नळीचे आवरण बसवावे, म्हणजे पाण्याला मोटारीच्या तळापासून वर यावेच लागते. बोअरचा व्यास पुरेसा आहे ना हे आधी पाहावे. आवरण अडकल्यास पंप कायमचा आत राहतो.

आणखी एक गोष्ट सांगलीच्या पावसाळ्याने शिकवली पाहिजे. उन्हाळ्यात ५० मीटरवर असलेली पातळी सप्टेंबरात १० मीटरवर येते तेव्हा पंपाला चढवावयाचे अंतर एकदम घटते. निवड उन्हाळ्यासाठी केलेली असल्याने पंप आता ठरल्यापेक्षा बरेच जास्त पाणी फेकतो, मोटार जास्त अॅम्पिअर घेते आणि ओव्हरलोड रिले (जादा भार आल्यास वीज तोडणारा) पडू लागतो. ऑपरेटर रिलेची मर्यादा वाढवून ठेवतो आणि मोटार भर पाण्यात जळते. एप्रिलमध्ये कोरडी चालून आणि सप्टेंबरात भाराने, अशी एकाच विहिरीत दोन ऋतूंत दोन कारणांनी मोटार जाऊ शकते. यावर उपाय म्हणजे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून विसर्ग ठरल्या आकड्यावर आणणे आणि त्या जागी व्हॉल्व्हच्या चाकावर रंगाने खूण करणे. रिलेला हात लावण्याचे काही कारण नसते.

वर काढलेला पंप धुण्यापूर्वी पाहावा

चेनपुलीने पंप वर आला की पहिले काम म्हणून त्यावर पाण्याचा पाईप मारला जातो आणि अर्धा पुरावा गटारात जातो. जाळीवर तपकिरी, बुळबुळीत, बोटांना तारा सुटाव्यात असा थर असेल तर लोहजीवाणूंची वाढ आहे. पांढरा, खरवडल्यावर खवले निघणारा थर असेल तर क्षार बसले आहेत. बारमाही उसाच्या आणि क्षारपड झालेल्या जमिनींच्या पट्ट्यात, जिथे पाणी जड आहे, तिथे हे अपेक्षितच असते. इम्पेलरच्या कडा चकाकत आणि पातळ झालेल्या असतील तर वाळू येते आहे, मग नदीकाठच्या गाळातील विहिरीत जाळीच्या चिरा किंवा भोवतीचे खडीचे वेष्टन चुकले आहे किंवा केसिंगचा सांधा फुटला आहे. तांबडा चिखल निघाला तर तांबड्या मातीचा थर केसिंगखाली उघडा राहिला आहे, तो फुगतो आणि ढासळतो. मोटारीच्या स्टेनलेस स्टीलच्या अंगावर पिवळसर-निळी झाक आली असेल तर ती कोरडी चालली आहे. आणि तिन्ही वाइंडिंगपैकी एकच किंवा दोनच काळी पडली असतील तर विहिरीला दोष न देता विजेचे तिन्ही फेज तपासावेत. व्होल्टेजमधील थोड्याशा असमतोलाने प्रवाहातील असमतोल कित्येक पटींनी वाढतो.

साफसफाई

बुजलेल्या विहिरीवर केवळ कॉम्प्रेसर लावून तासभर पाणी उडवणे अपुरे असते. आधी तारेच्या ब्रशने भिंत आणि केसिंग घासावे, मग कॉम्प्रेसर थांबवत-सुरू करत चालवावा, म्हणजे पाणी भेगांतून आत-बाहेर होते आणि बसलेला मळ सुटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे. क्षारांसाठी आम्लप्रक्रिया करता येते, मात्र ती अनुभवी माणसाकडूनच आणि मोकळ्या हवेत करावी, आणि आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो.

लोहजीवाणूंसाठी क्लोरीनची जबर मात्रा लागते. विहिरीत ७०० लिटर पाणी असेल आणि लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन हवे असेल तर ७० ग्रॅम क्लोरीन लागेल. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये प्रत्यक्ष २५ टक्के क्लोरीन उरले आहे असे धरल्यास सुमारे २८० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी सोडावे, नाहीतर साफ केलेल्या भेगेत आपणच चुना भरतो. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा बाहेर सोडावा, आणि जीवाणू तपासणीचा निकाल आल्याशिवाय वाहिनीला जोडणी करू नये. लोहजीवाणू पुन्हा येतात, म्हणून हे काम वर्षाच्या नियोजनात धरावे.

साफसफाईनंतरही कठीण खडकातील विहीर सुधारली नाही तर जलभंजनाचा पर्याय आहे, ज्यात बोअरचा भाग वरून बंद करून मोठ्या दाबाने पाणी आत घालतात आणि बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. भेगाच नसलेल्या कातळात त्याचा उपयोग होत नाही.

पंपाचे संरक्षण आणि मागणीचा हिशेब

कोरड्या चालण्यापासून बचावासाठी विजेचा प्रवाह कमी होताच मोटार बंद करणारा रिले किंवा पातळीचे इलेक्ट्रोड बसवावेत. ऑटो स्टार्टर ठेवायचाच असेल तर त्याचा विलंब विहिरीच्या मोजलेल्या भरण्याच्या वेळेवरून ठरवावा. दहा मिनिटांनी आपोआप सुरू होणारा पंप आणि दोन तासांत भरणारी विहीर यांचे जमत नाही.

विसर्ग कमी करण्याला वसाहतीचा विरोध होतो, तेव्हा हिशेब मांडून दाखवावा. ताशी ४,००० लिटरने सहा तास चालवल्यास २४,००० लिटर मिळतात. ताशी १०,००० लिटरच्या पंपाने तेवढेच पाणी दोन तास २४ मिनिटांत काढण्याच्या हट्टापायी मोटार जळते. माणशी १३५ लिटरच्या शहरी निकषाने २४,००० लिटर सुमारे १७५ माणसांना पुरतात. वसाहतीत ५०० माणसे असतील तर त्या विहिरीला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा स्रोत जोडावा, किंवा हे पाणी वापरासाठी राखून पिण्याचे पाणी नळाचे ठेवावे.

नदीकाठच्या भागांसाठी एक वेगळी काळजी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी कुठवर आले होते याच्या खुणा सांगलीत अनेक भिंतींवर आहेत. केसिंगचे तोंड आणि विद्युत पॅनेल त्या खुणेच्या वर न्यावे, केसिंगभोवती वरच्या मातीच्या थरापर्यंत सिमेंटचे सीलिंग करावे आणि झाकणातील केबलचे छिद्र घट्ट बंद ठेवावे. पुराचे पाणी तरीही आत शिरले असेल तर मोटार सुरू करण्यापूर्वी मेगर या उपकरणाने तारांचे इन्सुलेशन मोजावे आणि वर सांगितलेली क्लोरीन प्रक्रिया करूनच पाणी द्यावे. वरचे सीलिंग नसलेल्या बोअरमध्ये हे दर पुराला करावे लागेल. केसिंग खडकात नीट बसवून बाहेरची पोकळी भरून घेतलेल्या बोअरला सहसा फक्त पॅनेलची तपासणी पुरते.